चित्रावर घर चालवायचं तर: स्वतंत्र चित्रकारासाठी व्यवहाराची वाट

मुंबईचं जे.जे., पुण्याचं अभिनव, कोल्हापूरचं कलानिकेतन अशा कलाशाळांतून पदवी-पदविका घेऊन बाहेर पडलेली मुलं रंगसंगतीवर तासभर बोलू शकतात. पण गिऱ्हाइकानं "याचे किती घ्याल?" असं विचारलं की अडखळतात. मग "तुम्हाला वाटेल ते द्या" असं तोंडून निघून जातं, आणि समोरच्याला जे वाटतं ते फार थोडं असतं. हात उत्तम असलेले कितीतरी चित्रकार चाळिशीच्या आत दुसरी नोकरी धरतात, कारण महिन्याचा हिशेब कधी बसलेलाच नसतो.

हा लेख त्या हिशेबासाठी आहे. व्यक्तिचित्रं, पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकांतली चित्रं, भिंतीवरची कामं, स्वतःचे कॅनव्हास असं मिळेल ते करत महाराष्ट्रात स्वतंत्रपणे राहू पाहणारा चित्रकार मी डोळ्यांसमोर ठेवला आहे. शिल्पकार, छायाचित्रकार, सुलेखनकार यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

सच्च्या कलावंतानं पैशाचं बोलू नये, हे आपल्याकडे फार जुनं आणि फार नुकसान करणारं मत आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यांत लागणारी चित्रं घराघरांतल्या देव्हाऱ्यांपर्यंत नेली. दीनानाथ दलालांनी स्वतःचा स्टुडिओ चालवला, स्वतःचं वार्षिक काढलं. ही माणसं व्यवहारात पडली म्हणून त्यांची चित्रकला उणावली नाही. रविवर्म्यांचा छापखाना पुढे कर्जापायी विकावा लागला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. चित्रं देशभर खपत असतानाही धंदा तोट्यात जाऊ शकतो. म्हणून सुरुवात आकड्यांपासून.

पहिली पायरी: आपल्या एका दिवसाचा दर काढा

दर ठरवताना बहुतेक जण दुसरा किती घेतो ते बघतात. त्याचं घर स्वतःचं असेल, बायको बँकेत असेल, त्याला भाडं नसेल. त्याचा दर तुम्हाला पुरेलच असं नाही. एक वही घ्या आणि महिन्याचा खरा खर्च मांडा. उदाहरणासाठी आकडे धरू:

घरखर्च, भाड्यातल्या वाट्यासह: २८,००० रुपये
रंग, कॅनव्हास, कागद, छपाई: ६,०००
फोन, इंटरनेट, प्रवास: ३,०००
आरोग्य विमा: २,०००
म्हातारपणासाठी बचत: ५,०००
कर, आणि कॉम्प्युटर किंवा टॅब्लेट बदलण्यासाठी बाजूला: ४,०००

बेरीज ४८,०००. आता महिन्यातले किती दिवस तुम्ही पैसे मिळणारं काम करता? सव्वीस म्हणू नका. गिऱ्हाइकाशी बोलणं, सामान आणणं, बिलं करणं, फोटो काढून टाकणं, पाठ दुखली म्हणून झोपून राहणं आणि स्वतःसाठी चित्र काढणं हे सगळं वजा केलं की बारा-तेरा दिवस उरतात. बारा धरले तर ४८,००० भागिले १२, म्हणजे दिवसाचे ४,००० रुपये. ही तुमची तळरेषा. याखाली घेतलेलं प्रत्येक काम तुम्ही खिशातून पैसे घालून करता, मग ते कितीही आवडीचं असो.

यात दोन रकमा लोक हमखास विसरतात: विमा आणि म्हातारपण. नोकरदाराचा भविष्य निर्वाह निधी पगारातूनच कापला जातो, तुमचा कापणारं कुणी नाही. पीपीएफचं (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं) खातं पंधरा वर्षांचं असतं आणि त्यात वर्षाला ५०० रुपयेही चालतात, त्यामुळे "आता परवडत नाही" ही सबब तिथे टिकत नाही.

दुसरी पायरी: दर कामाला लावा

समजा प्रकाशकाचा फोन आला. कादंबरीचं मुखपृष्ठ हवं आहे, बजेट ४,००० रुपये. तुमचा अनुभव सांगतो की हस्तलिखित चाळणं, दोन-तीन रफ (कच्ची रेखाटनं), चर्चा, फायनल आणि अक्षरांची जुळवाजुळव धरून तीन दिवस जातात. तीन दिवसांचे १२,००० होतात. इथे बहुतेक चित्रकार एकतर मुकाट्यानं चार हजारांत काम घेतात, नाहीतर चिडून फोन ठेवतात. या दोन्हींच्या मधे खूप जागा आहे.

काम लहान करता येतं. "चार हजारांत एकच रफ, एकच दुरुस्ती आणि अक्षरांचं काम तुमच्याकडे" असं सांगता येतं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे तुमच्याकडे आधीच पडून असलेल्या चित्रांपैकी एक त्या मुखपृष्ठापुरतं वापरायला देणं. नवं काही काढायचं नाही, चार हजार मिळतात, चित्र आणि त्याचे बाकीचे हक्क तुमच्याकडेच राहतात. मराठी प्रकाशकांच्या आवृत्त्या लहान असतात आणि त्यांची अडचण अनेकदा खरी असते, म्हणून हा मार्ग दोघांनाही मानवतो. तेही जमत नसेल तर नम्रपणे नकार द्या आणि दुसऱ्या कुणाचं नाव सुचवा. असा नकार लोक लक्षात ठेवतात, आणि बजेट असेल तेव्हा परत येतात.

"पैसे नाहीत, पण नाव होईल" हे सांगणाऱ्यांसाठी माझा नियम सरळ आहे. वर्षातून किती कामं फुकट करायची हे जानेवारीतच ठरवायचं आणि ती आपण निवडायची. गावची शाळा, एखादी चळवळ, मित्राचा पहिला कवितासंग्रह. तो कोटा भरला की "यंदाची फुकट कामं ठरून गेली आहेत" असं खरंखुरं उत्तर देता येतं. फुकट कामाचंही बिल करा, पूर्ण रक्कम लिहा आणि खाली तेवढीच सूट दाखवा. किती रुपयांचं काम भेट मिळालं हे समोरच्याला कळायला हवं.

कॅनव्हासचं गणित वेगळं आहे. तिथे दिवस मोजून भागत नाही, कारण एक चित्र दोन दिवसांत होतं आणि दुसरं दोन महिने छळतं. आकारावर दर ठेवणं सर्वांत सोपं: चौरस इंचाला २५ रुपये धरले तर २४ बाय ३० इंचांचं चित्र १८,००० रुपयांचं, फ्रेम वेगळी. मग कोणतं चित्र तुम्हाला जास्त आवडतं याचा किमतीशी संबंध राहत नाही, आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगता येतं. एक पथ्य मात्र कडक पाळा: घरी, प्रदर्शनात आणि गॅलरीत किंमत एकच. गॅलऱ्या साधारण ३० ते ५० टक्के कमिशन घेतात. ते धरूनच मूळ किंमत ठरवा. गॅलरीत चित्र बघून कुणी तुमच्या घरी आलं आणि तुम्ही निम्म्यात दिलं, तर ती गॅलरी पुन्हा तुमचा फोन उचलणार नाही. ज्यांनी आधी पूर्ण किमतीत घेतलं त्यांचाही विश्वास जाईल.

तिसरी पायरी: लिहून घ्या, आणि हक्काचं आधी लिहा

मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचं आहे ते इथे. आपल्याकडे ओळखीत कागद करणं अपमानाचं मानतात. प्रत्यक्षात ओळख टिकते ती कागदामुळेच, कारण सहा महिन्यांनी कुणाला काय आठवतं यावर वाद होत नाही. त्यासाठी वकील लागत नाही. व्हॉट्सअॅपवरचा किंवा मेलवरचा असा मजकूर आणि त्यावर आलेलं "ठीक आहे, मान्य" हेसुद्धा पुष्कळ काम करतं:

"नमस्कार सर, काल फोनवर बोलल्याप्रमाणे: तुमच्या आईंचं व्यक्तिचित्र, कॅनव्हासवर तैलरंगात, १८ बाय २४ इंच. फोटो तुम्ही देणार. एकूण २२,००० रुपये, फ्रेम वेगळी. निम्मे आगाऊ मिळाल्यावर काम सुरू, उरलेले चित्र नेताना. कच्चं रेखाटन दाखवेन, त्यात दोन बदल करता येतील. रंगकाम सुरू झाल्यावर पोझ किंवा कपडे बदलायचे असतील तर त्याचे वेगळे पैसे होतील. आगाऊ रक्कम मिळाल्यापासून सहा आठवड्यांत चित्र तयार. चित्र तुमचं, त्याचे प्रताधिकार माझ्याकडे राहतील. घरगुती वापरासाठी फोटो काढायला हरकत नाही. मान्य असल्यास कळवा."

यातलं प्रताधिकाराचं, म्हणजे कॉपीराइटचं, वाक्य फार महत्त्वाचं आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कलम १७ मध्ये एक तरतूद आहे. कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं चित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र असेल, आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिला प्रताधिकार पैसे देणाऱ्याचा. म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तर हक्क आपोआप गिऱ्हाइकाकडे जातो. उलट स्वतःच्या मनानं काढलेलं चित्र तुम्ही विकलं तर कॅनव्हास विकत घेणाऱ्याचा होतो, प्रताधिकार तुमच्याकडेच राहतो. त्याचं कॅलेंडर छापायचं असेल तर त्यानं तुम्हाला विचारायला हवं.

प्रकाशक किंवा कंपनी "सगळे हक्क आमचे" असा कागद पुढे करते तेव्हा घाबरू नका, वाचा. कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं समजली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून "कायमचे", "जगभर", "सर्व माध्यमांत" हे शब्द दिसले की ते मुद्दाम घातलेले आहेत हे ओळखा आणि त्यांची वेगळी किंमत सांगा. "मराठी आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी, छापील आणि ई-पुस्तक, पाच वर्षं" एवढा हक्क एका दरात आणि टी-शर्ट, जाहिरात, अनुवाद यांचे दर निराळे. कलम ५७ मुळे चित्रावर कर्ता म्हणून तुमचं नाव असण्याचा हक्क प्रताधिकार विकल्यावरही तुमच्याकडे राहतो. तुमची बदनामी होईल अशी मोडतोड चित्रात केली तर तिला हरकतही घेता येते.

चौथी पायरी: पैसे हातात येईपर्यंत

आगाऊ रक्कम नाही तर काम नाही. ओळखीतलं काम असेल तर जास्तच. पन्नास टक्के आगाऊ मागितल्यावर जो नाराज होतो तो शेवटचे पन्नासही सुखासुखी देत नाही, असा बहुतेकांचा अनुभव आहे. भित्तिचित्रासारखं मोठं काम असेल तर तीन टप्पे करा: सामान भरण्याआधी, निम्मी भिंत झाल्यावर, आणि शेवटच्या दिवशी, परांची बांधलेली असतानाच. परांची उतरली की भिंतीवरचं चित्र परत नेता येत नाही.

बिल काम दिल्याच्या दिवशीच पाठवा. त्यावर क्रमांक, तारीख, पॅन, बँकेचा तपशील आणि "१५ दिवसांत देय" ही ओळ. सोळाव्या दिवशी आठवण करा, आणि आठवणीत रडगाणं नको. "अमुक क्रमांकाच्या बिलाची मुदत काल संपली. या आठवड्यात जमा होईल का, कळवावं" इतकंच पुरे. घरात अडचण आहे, मुलाची फी भरायची आहे, हे सांगण्याची गरज नाही. तुम्ही उसने मागत नाही आहात.

यासाठी एक हत्यार बहुतेक चित्रकारांना माहीतच नसतं. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर आधारच्या मदतीनं सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करता येते. ती पूर्णपणे मोफत आहे, पैसे मागणारा एजंट किंवा वेबसाइट टाळा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला ग्राहक कंपनीनं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते. नोंदणी वाद झाल्यावर करून भागत नाही, काम घेण्याआधी करून ठेवा आणि बिलावर उद्यम क्रमांक छापा. वेळेत न दिलेली रक्कम कंपनीला ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही, असा बदल आयकरात अलीकडे झाला आहे. त्यामुळे तो क्रमांक बघून मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीस बिल लवकर मार्गी लावतात.

पाचवी पायरी: कराचं थोडक्यात

धंद्यासाठी वेगळं बँक खातं उघडा. सगळं येणं त्यात, आणि महिन्याच्या एक तारखेला तिथून घरच्या खात्यात ठरावीक "पगार" स्वतःला द्या. जास्त मिळालेल्या महिन्यातले पैसे तिथेच राहू द्या. सहा महिन्यांचा पगार साठेपर्यंत नवा कॅमेरा नाही.

कंपन्या तुमच्या बिलातून कर कापतात, व्यावसायिक फी धरली तर साधारण दहा टक्के. तो तुमचाच पैसा असतो. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी विवरणपत्र भरा म्हणजे तो परत मिळतो. शिवाय पुढे घरकर्जासाठी बँक तीन वर्षांची विवरणपत्रं मागते तेव्हा हेच कागद तुमची पगाराची स्लिप ठरतात. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. चित्रं वस्तू म्हणून दुसऱ्या राज्यात विकत असाल, परदेशातून पैसे येत असतील, तर वर्षातून एकदा सीएला भेटा. त्याची फी हा खर्चच आहे, आणि तो वजा होतो.

सहावी पायरी: वर्षाचं चक्र ओळखा

महाराष्ट्रातल्या चित्रकाराच्या वर्षाला ऋतू आहेत. दिवाळी अंकांची कामं पावसाळ्यात येतात आणि पैसे बहुतेक वेळा अंक बाजारात गेल्यावर, कधी नव्या वर्षात. गणपतीआधी सजावट आणि देखाव्यांची धावपळ. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांमुळे शिकवणीला जून ते सप्टेंबर मागणी, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. डिसेंबर-जानेवारीत लग्नं, वास्तुशांत, आणि त्यासोबत व्यक्तिचित्रं. मार्च ते मे बऱ्याच जणांना कोरडा जातो. त्या तीन महिन्यांत प्रौढांसाठी कार्यशाळा घ्या, प्रिंट्स काढा, पुढच्या प्रदर्शनाचं काम करा.

उत्पन्नाचे तीन-चार मार्ग असावेत, दहा नकोत. एक नियमित (शिकवणी), एक चांगल्या दराचा (व्यक्तिचित्रं किंवा भिंती), एक हळूहळू वाढणारा (प्रिंट्स, चित्रांचे हक्क). चौथा म्हणजे स्वतःचं चित्र, ज्यातून आज काही येत नसलं तरी पुढच्या दहा वर्षांत तुमचं नाव त्यावरच ठरणार आहे. शिकवणी चांगली चालते म्हणून आठवड्याचे सहाही दिवस तिला देणारे बरेच आहेत. त्यांचे पैसे सुरळीत येतात, आणि काही वर्षांनी दाखवायला नवं काम नसतं. स्वतःच्या चित्राचे दिवस वहीत आधी लिहा, मग बाकीचे वाटा.

सातवी पायरी: दिसत राहा

मुंबईच्या जहांगीर कलादालनाची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची असते. अर्ज आजच करा आणि त्या तारखेची वाट बघत बसू नका. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, तिचं वार्षिक प्रदर्शन आणि कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन यांत चित्रं पाठवत राहा. पुण्यातल्या बालगंधर्व कलादालनासारख्या भाड्याच्या जागा घेताना पूर्ण खर्च मांडा: भाडं, फ्रेमा, टेम्पो, पत्रिका, उद्‌घाटनाचा चहा. वीस चित्रांच्या फ्रेमा अनेकदा दालनाच्या भाड्याहून महाग पडतात. म्हणून एकाच मापाच्या फ्रेमा करा, त्या पुढच्या प्रदर्शनालाही वापरता येतात. खर्च भरून निघायला किती चित्रं विकली जायला हवीत हे आधी काढा. आकडा अशक्य वाटला तर दोघा-तिघांनी मिळून प्रदर्शन भरवा.

दालनात वही ठेवा आणि येणाऱ्याचं नाव, फोन आणि कोणत्या चित्रापाशी तो थांबला हे लिहा. चित्र त्याच दिवशी घेणारे थोडे असतात. दोन महिन्यांनी "त्या निळ्या घाटाच्या मालिकेतलं लहान आकाराचं नवं चित्र झालं आहे" असा निरोप गेला की घेणारे त्याहून जास्त असतात. इन्स्टाग्रामवर दहा हजार अनोळखी माणसं जमवण्यापेक्षा या वहीतली दोनशे नावं मला कितीतरी मोलाची वाटतात. ज्यांनी एकदा चित्र घेतलं त्यांना दिवाळीला हातानं काढलेलं शुभेच्छापत्र पाठवा. त्यांच्या भिंतीवर तुमचं काम आहे आणि त्यांच्या घरी पाहुणे येतात.

आठवी पायरी: नोंदवही आणि एप्रिलचा दिवस

प्रत्येक चित्राला क्रमांक द्या आणि नाव, माप, माध्यम, वर्ष, किंमत, सध्या कुणाकडे आहे, हक्क कुणाकडे, हे एका एक्सेलमध्ये लिहा. चांगल्या उजेडातला फोटो सोबत ठेवा, कारण पुढे त्यावरूनच प्रिंट निघतो. प्रताधिकार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. तुमच्या पश्चात मुलांना किंवा भाच्यांना त्याचा काही उपयोग व्हायचा तर काय कुठे आहे हे त्यांना कळायला हवं. ही यादी कुठे ठेवली आहे ते घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा, आणि मृत्युपत्रात हक्कांचा उल्लेख करा.

दर एप्रिलमध्ये एक पूर्ण दिवस काढून मागचं वर्ष उलगडा. कोणत्या कामाला किती दिवस गेले, दिवसाला खरोखर किती मिळाले, कुणी पैसे थकवले, कुणाचं काम करताना मजा आली. मग पहिल्या पायरीची बेरीज नव्या भावांनी पुन्हा करा आणि दर वाढवा. जुन्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी कळवा: "ताई, १ मेपासून व्यक्तिचित्राचा दर २२,००० वरून २५,००० होतो आहे. तुमच्या मनात काही काम असेल तर एप्रिलअखेर ठरवलंत तर जुन्याच दरात करेन." कोरड्या जाणाऱ्या मे महिन्यासाठीची निम्मी कामं बऱ्याचदा याच निरोपातून येतात.